कुंडीतील सक्युलंटची दुखणी आणि हरसूलचा पावसाळा

हरसूलच्या परिसरात मृगाचा पाऊस एकदा लागला की हस्त नक्षत्र सरेपर्यंत हवेतील ओल हटत नाही, आणि तोच पाऊस ओसरून सहा-सात महिने लोटतात न लोटतात तोच, ऐन चैत्र-वैशाखात, त्याच पाड्यांवरील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. गुजरातच्या हद्दीलगत, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वसलेल्या या मुलखाच्या वाट्याला पाण्याचा असा विषम जमाखर्च आलेला आहे. आणि घराच्या ओट्यावर, खिडकीच्या कठड्यावर किंवा शाळेच्या व्हरांड्यात ठेवलेली कोरफड, जेड, एचेवेरिया, हावर्थिया, अडेनियम ही जाड पानांची वा फुगीर खोडांची रोपे, ज्यांना हल्ली सरसकट सक्युलंट म्हटले जाते, ती वर्षाच्या या दोन्ही टोकांतून एकाच कुंडीत आणि त्याच ओंजळभर मातीत पार पडत असतात. त्यांच्या दुखण्यांविषयी जे सल्ले सर्वत्र दिले जातात ते बहुधा कोरड्या हवेच्या प्रदेशांतील अनुभवावर आधारलेले असल्याने, येथे ते जसेच्या तसे अमलात आणले असता रोप सावरण्याऐवजी लवकर दगावते. म्हणून या भागातील वाचकांनी एक दस्तूर प्रथम मनाशी पक्का करावा, तो असा की पान पाहण्यापूर्वी महिना पाहावा. वैशाखात सुरकुतलेले पान पाणी मागत असते. श्रावणात सुरकुतलेले पान बहुधा मुळे कुजल्याची वर्दी देत असते, आणि त्या वेळी दयाबुद्धीने ओतलेले तांब्याभर पाणी हा त्या रोपावरचा शेवटचा घाव ठरतो.

असे का होते हे समजण्यासाठी या वनस्पतींच्या देहधर्माचा थोडा परिचय करून घेणे अगत्याचे आहे. सामान्य झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात आणि त्या ओघात पुष्कळ पाणी बाष्परूपाने गमावतात. परंतु बहुसंख्य सक्युलंट हा व्यवहार रात्री, हवा थंड झाल्यावर करतात, कर्बवायू आम्लाच्या रूपाने पानात साठवून ठेवतात आणि दिवसा, रंध्रे मिटून घेऊन, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्या साठ्याचे अन्न बनवितात. या प्रक्रियेचा एक जुना दाखला आपल्या परसातल्या पानफुटीशी निगडित आहे. कंपनी सरकारच्या चाकरीत मद्रास इलाख्यात असलेले बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1813 साली लंडनला पाठविलेल्या पत्रात असे कळविले होते की पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारपर्यंत त्याची आंबट चव नाहीशी होते आणि सायंकाळी ते काहीसे कडवट होते. (हे पान पोटात जाण्याजोगे नाही, सबब वाचकांनी त्याचा पडताळा जिभेवर घेऊ नये.) या निरीक्षणाचा पूर्ण उलगडा व्हायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. आपल्यापुरता त्यातून निघणारा निष्कर्ष एवढाच की या वनस्पती मुळातच पाण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी आहेत; आणि आषाढात जेव्हा दिवसेंदिवस ऊन दिसत नाही व हवा बाष्पाने भरलेली असते तेव्हा तर त्यांचा पाण्याचा खर्च जवळजवळ थांबतो. अशा वेळी कुंडीत आलेले पाणी ना रोप पिऊन टाकते, ना हवा सुकवून नेते. ते मातीच्या कणांतील हवेची जागा अडवून बसते, मुळांचा श्वास कोंडतो आणि कुजविणाऱ्या बुरशीला मोकळे रान मिळते.

तेव्हा रोप मलूल दिसताच पहिला तपास मुळांचा करावा. पाने पिवळी पडून काचेसारखी पारदर्शक झाली असतील, बोटाच्या हलक्या स्पर्शाने गळत असतील, आणि दाबली असता त्यांतून पाणी सुटत असेल, तर अतिपाण्याविषयी संशयास जागाच उरत नाही. पाने पातळ, मऊ आणि सुरकुतलेली असतील, सर्वांत खालची पाने कागदासारखी वाळून खोडाला चिकटलेली असतील आणि कुंडी उचलून पाहता अगदी हलकी लागत असेल, तर ती तहान होय. पंचाईत होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत : पाने सुरकुतलेली आहेत आणि कुंडी मात्र जड लागते आहे. अशा वेळी पाणी न घालता बांबूची बारीक, कोरडी काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसावी, पाच-दहा मिनिटांनी बाहेर काढावी आणि तिच्या टोकाला ओल व माती चिकटली आहे काय ते पाहावे. तळाशी ओल आहे आणि तरीही पान सुरकुतलेले आहे, याचा अर्थ पाणी समोर असूनही ते पिण्यास मुळेच शिल्लक नाहीत. पुष्कळ रोपे याच टप्प्यावर गमावली जातात, कारण मालकाला सुरकुती दिसते आणि काडी घालून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

तळाशी ओल आढळली तर रोप निःशंकपणे उपटून काढावे. या कामाची लोकांना विनाकारण धास्ती वाटते. वस्तुतः आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून कित्येक घरांच्या दारावर कोरफडीचे रोप मुळासकट उपटून दोऱ्याने उलटे टांगलेले असते. त्याला माती नाही, पाणी नाही, तरी ते महिनोन्महिने हिरवे राहते आणि त्याचा शेंडा प्रकाशाकडे वळत राहतो. ज्या वनस्पतीला चौकटीवर उलटे लटकत एक ऋतू काढता येतो तिला आठवडाभर मातीबाहेर ठेवल्याने काहीही अपाय होत नाही. कुंडी आडवी धरून कडेने थोपटावी, मातीचा गड्डा अलगद बाहेर घ्यावा आणि ओली माती बोटांनी झाडून टाकावी. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी असते आणि ओढले तर ताण सहन करते. कुजलेले मूळ काळपट असते, त्याला कुबट वास येतो, आणि दोन बोटांत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते व आतला दोरा तेवढा मागे राहतो. असे एक मूळ ज्याने बोटांत धरून पाहिले त्याला पुढे कधी निदान सांगावे लागत नाही.

कुजलेली मुळे कात्रीने साफ काढून टाकावीत. कूज खोडापर्यंत चढली असेल तर धारदार सुरी औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटने पुसून खोडाचा आडवा छेद घ्यावा आणि छेदाच्या मध्यभागी नजर ठेवावी. तेथे तपकिरी ठिपका किंवा कडे दिसले तर कूज अद्याप वर आहे असे समजून, सुरी पुन्हा पुसून, आणखी बोटभर वर कापावे. आणि संपूर्ण छेद स्वच्छ, एकरंगी, फिकट हिरवा दिसेपर्यंत हे चालू ठेवावे. येथे हात आखडता घेणे महागात पडते, कारण तांदळाएवढा तपकिरी ठिपका मागे राहिला तरी कूज पुन्हा चढते. कापलेला शेंडा लगेच मातीत लावू नये. त्याच्या जखमेवर कोरडी, टणक खपली धरली पाहिजे. पातळ खोडाला त्यासाठी तीन-चार दिवस पुरतात, मनगटाएवढ्या जाड निवडुंगाला दोन आठवडेसुद्धा लागतात. हरसूलसारख्या ठिकाणी ऐन पावसात ही खपली धरणे हीच मोठी अडचण असते, कारण हवाच ओली. अशा वेळी तुकडा चुलीच्या वरच्या अंगाला, जेथे धग लागत नाही पण कोरडी ऊब पोहोचते अशा फळीवर, जखम वर करून ठेवावा. जखमेला हळद किंवा कोळशाची पूड लावण्याची चाल आहे, तिने नुकसान काही नाही. पण खरे औषध म्हणजे कोरडेपणा. खपली धरल्यानंतर तो तुकडा कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवावा आणि मुळांचे पांढरे कोंब दिसू लागल्यावरच पाण्याचा पहिला हात द्यावा.

आता मातीविषयी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण माझ्या मते कुंडीतल्या सक्युलंटची अर्धीअधिक दुखणी ही मातीची दुखणी असतात. रोपवाटिकेतून येणारे रोप बहुधा काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, नारळाच्या काथ्याच्या भुशात, म्हणजे कोकोपीटमध्ये लावलेले असते. वाहतुकीला तो हलका, रोपवाटिकेच्या नियमित पाण्याला योग्य. परंतु आपल्या घरी त्याचे दोन दोष उघड होतात. पावसाळ्यात तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो, आणि उन्हाळ्यात एकदा का ठणठणीत वाळला की पाण्याला आत शिरू देत नाही. वरून ओतलेले पाणी कुंडीच्या कडेने खाली वाहून जाते आणि आपण पाणी घातले या समाधानात असताना आतला गड्डा कोरडाच राहतो. म्हणून नवे रोप घरी आले की आठवडाभराने, आणि शक्यतो पावसाळ्याच्या आधी, त्याची मुळे मोकळी करून ते आपल्या मिश्रणात हलवावे.

हे मिश्रण करण्यासाठी बाहेरून काही मागविण्याचे कारण नाही. त्याचे सर्व साहित्य या परिसरात मुबलक आहे. एक वाटा चाळलेला मुरूम, एक वाटा विटांचे बारीक तुकडे किंवा नदीची जाडी वाळू, अर्धा वाटा साधी बागेची माती आणि अर्धा वाटा पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एवढे पुरते. भातशेतीचा मुलूख असल्याने भाताचे तूसही हाताशी असते, ते काळे होईपर्यंत भाजून मूठ-दोन मुठी मिसळल्यास मिश्रण हलके राहते. मात्र तूस जळून पांढरी राख होऊ देऊ नये, कारण राखेत क्षार असतात आणि ती कणांमधल्या फटी बुजविते. या साऱ्यात महत्त्वाचा आहे तो कणांचा आकार. मुरूम आणि विटा चाळून जोंधळ्याच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे तेवढे ठेवावेत आणि खाली पडलेली भुकटी निर्दयपणे टाकून द्यावी. बारीक रेती घातल्याने निचरा सुधारतो ही समजूत चुकीची आहे, कारण बारीक कण जाड कणांच्या फटींत जाऊन बसतात आणि मिश्रण गिलाव्यासारखे घट्ट होते. मिश्रण जमले की नाही याची परीक्षा सोपी आहे : कुंडी भरून वर पेलाभर पाणी ओतावे, ते पृष्ठभागावर न साचता लगोलग खाली उतरले पाहिजे आणि थोड्याच वेळात तळाच्या छिद्रातून वाहू लागले पाहिजे.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घालण्याची पद्धत सर्वदूर रूढ आहे, आणि मोठ्या निष्ठेने पाळली जाते. पण तिचा उपयोग मानला जातो तसा होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांच्या थरात सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुडुंब होईपर्यंत ते वरच अडून राहते. म्हणजे खड्यांनी ओलीचा थर नाहीसा न होता तो उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवून वरपासून खालपर्यंत एकच भरड मिश्रण भरणे हा मार्ग अधिक शास्त्रशुद्ध आहे. कुंडी मातीची, विनाचकाकीची असावी, कारण तिच्या भिंतीतूनही ओल बाहेर जाते. ती मुळांच्या गड्ड्यापेक्षा दोन बोटे रुंद असली म्हणजे झाले, कारण लहान रोपाला मोठी कुंडी दिली तर न प्यालेले पाणी सभोवार साचून राहते. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून टाकावी.

पाणी देण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : द्यावे तेव्हा तळातून वाहीपर्यंत द्यावे, आणि मग माती तळापर्यंत सुकल्याखेरीज पुन्हा देऊ नये. रोज चमचाभर पाणी शिंपडण्याने वरची माती सतत ओली राहते आणि खालची मुळे तहानलेली राहतात. साधारणपणे फाल्गुन ते वैशाख आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी पाणी द्यावे आणि पावसाळ्यात छपराखालील कुंडीला महिनाभर पाणी न दिले तरी चालते. पण या मुदती केवळ अंदाजाच्या आहेत, हुकूम चालावा तो काडीचा व कुंडीच्या वजनाचा. उन्हाळ्यात पाणी सायंकाळी द्यावे. एचेवेरियासारखी मेक्सिकोच्या थंड डोंगराळ भागातली रोपे आपल्या मे महिन्यात वाढ थांबवून बसतात, आणि तापलेल्या कुंडीत भर दुपारी घातलेले पाणी त्यांना उकडून काढते.

घरातील जागेचा विचार याच ओघात करावा. कौलारू घराच्या वळचणीला, पागोळ्या जेथे पडतात त्या रेषेवर ठेवलेली कुंडी ही उघड्या अंगणातल्या कुंडीपेक्षाही अधिक भिजते, कारण छपराच्या एका उताराचे सगळे पाणी त्या एका रेषेवर येते. कुंड्या पागोळ्यांच्या आत, पडवीत, पण भिंतीपासून हातभर पुढे ठेवाव्यात, म्हणजे प्रकाश मिळतो आणि वाराही खेळतो. पत्र्याच्या छपराखाली याच्या उलट खबरदारी घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याची धग वरून उतरते आणि पश्चिमेच्या भिंतीची धग बाजूने लागते.

प्रकाशाच्या दुखण्यांत दोन प्रकार येतात आणि दोन्हींना ऋतूच कारण असतो. आषाढ-श्रावणाच्या अंधारात एचेवेरियाचे गुच्छ विसकटून लांबट होतात, जेडच्या फांद्या बारीक होऊन वाकतात, कोरफडीची पाने उभी राहण्याऐवजी आडवी पसरतात. याला रोग समजून खत घालणारे पुष्कळ आहेत. खताने ती लांबी आणखी वाढते. ताणलेले खोड पुन्हा आखूड होत नाही, म्हणून पाऊस सरल्यावर शेंडा छाटून, खपली धरवून, नव्याने लावावा. उरलेल्या बुंध्याला बाजूने कोंब येतात. दुसरा प्रकार याच्या लगेच मागून येतो. चार महिने सावलीत वाढलेले रोप भाद्रपद-आश्विनाच्या कडक उन्हात एकदम मांडले की दोन-तीन दिवसांत पानाच्या सूर्याकडील बाजूला पांढरट, मग तपकिरी, कोरडा चट्टा पडतो. हा भाजल्याचा डाग होय. तो पसरत नाही आणि बरा होत नाही, त्यावर औषध फवारण्यात अर्थ नाही. सकाळचे कोवळे ऊन रोज थोडथोडे वाढवीत दहा-पंधरा दिवसांत रोपाला उन्हाची सवय लावावी. हावर्थिया आणि गॅस्टेरिया यांना तर दुपारचे थेट ऊन कधीच देऊ नये.

किडींमध्ये अव्वल मान पिठ्या ढेकणाचा. पानांच्या बेचक्यांत, खोडाच्या सांध्यांत कापसाच्या बारीक बोळ्यांसारखे पांढरे काही दिसले, आणि मुंग्यांची रांग कुंडीवर चढताना आढळली, तर ही कीड आली असे निश्चित समजावे. ती रोपाचा रस शोषते, तिच्या अंगातून चिकट गोड स्राव पाझरतो, तो खाण्यासाठी मुंग्या येतात आणि त्या बदल्यात तिचे शत्रूंपासून रक्षण करतात, शिवाय तिची पिले एका रोपावरून दुसऱ्यावर नेऊन सोडतात. तेव्हा मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय ढेकणाचा बंदोबस्त होत नाही. कुंडी तिवईवर ठेवलेली असेल तर तिवईच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. ढेकूण थोडे असतील तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून घ्यावा. अधिक असतील तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी घोळवून सायंकाळी फवारावे. ज्या रोपांच्या पानांवर पांढरा भुकटीसारखा नैसर्गिक थर असतो त्यांवर तेल मारल्यास तो कायमचा जातो, त्यांना बोळाच बरा. अंडी कापसाच्या आवरणात सुरक्षित राहत असल्याने हा इलाज दर आठवड्याला, तीन-चार वेळा, न चुकता करावा लागतो. एकदा करून स्वस्थ बसणे म्हणजे न करण्यासारखेच. आणि वर काही दिसत नसताना रोप कारणावाचून खंगत असेल तर ते उपटून मुळे पाहावीत, कारण या किडीची एक शाखा जमिनीखाली, मुळांवर राहते; तेथेही तीच पांढरी भुकटी आढळते. अशी माती टाकून द्यावी, मुळे धुवावीत, सावलीत सुकवावीत आणि नव्या मिश्रणात लावावीत.

या किडीचा एक भाऊबंद आपल्या इतिहासात गाजलेला आहे. फड्या निवडुंगावर अशाच पांढऱ्या कापसाखाली राहणारा कोचिनियल नावाचा कीटक चिरडला असता गडद तांबडा रंग देतो. त्या रंगाच्या व्यापारासाठी 1795 साली ब्राझीलहून तो हिंदुस्थानात आणला गेला, पण आणलेली जात रंगाला हलकी निघाली आणि तिने फड्या निवडुंगाच्या एका जातीचा मात्र ठिकठिकाणी फडशा पाडला. पुढे शेतजमिनी व्यापणाऱ्या दुसऱ्या जातीच्या निवडुंगाला आवर घालण्यासाठी 1926 साली कोचिनियलची आणखी एक जात दक्षिणेत मुद्दाम सोडण्यात आली, आणि ते काम तिने चोख बजावले. गावकुसाबाहेरचे निवडुंगाचे अभेद्य रान ज्या किडीने उठविले तिच्या नातलगाला कुंडीतले चार बोटांचे रोप संपवायला किती वेळ लागेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

इतर उपद्रव थोडक्यात. पावसाळ्यात गोगलगायी व शंखी रात्री पाने कुरतडतात; कंदील घेऊन वेचून काढणे हाच खात्रीचा उपाय. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी पानांवर बारीक तपकिरी-भुरकट खरड उमटवितो. पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल त्याला पुरते. मातीवर बारीक काळी चिलटे उडू लागली तर ओल फार झाली आहे असे समजावे. कोरफडीवरचे काळे, गोल डाग पसरत चालले असतील तर ती पाने कापून जाळावीत, पानांवर पाणी घालणे बंद करावे, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारावे. कूपनलिकेच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर साचतो. शक्य तर पावसाचे साठविलेले पाणी वापरावे.

ज्या गोष्टी दुखणे नाहीत त्यांचीही ओळख असावी, नाहीतर निरोगी रोपावर उपचार होतात. अगदी खालची एक-दोन पाने वाळणे हा वाढीचा क्रम आहे. जुन्या निवडुंगाचा बुंधा तपकिरी, लाकडासारखा टणक होतो. तो दाबून पाहावा, टणक असेल तर ते वय आणि मऊ असेल तर ती कूज. अडेनियमची पाने पौषाच्या थंडीत झडतात. बुंधा घट्ट असेल तर पाणी तोडून त्याला झोपू द्यावे, नवी पालवी माघ-फाल्गुनात येते. घायपात एकदा उंच तुरा काढून फुलले की ते रोप मरणारच, त्याचे बाजूचे कोंब जपावेत. आणि घरोघरी ज्याचे रात्रीचे फुलणे कौतुकाने पाहिले जाते ते ब्रह्मकमळ निवडुंगाच्या कुळातले असले तरी मूळचे दमट जंगलातल्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारे आहे. त्याला सावली, पानकुजीचे खत आणि अधिक ओल हवी, वरील कोरडेपणाचे नियम त्याला लावू नयेत.

या सगळ्याची वेळेवर तजवीज करायची तर वर्षातले दोन मुहूर्त पाळावेत. ज्येष्ठ लागताच, मृगाच्या आत, प्रत्येक रोप पाहून माती बदलायची ती बदलावी आणि कुंड्या पडवीत घ्याव्यात. हस्त सरल्यावर त्या हळूहळू उन्हात आणाव्यात व वर्षाचे थोडे खत तेव्हा द्यावे. ऐन पावसात पुनर्लागवड, खत आणि छाटणी, या तिन्ही गोष्टी कुजीचा इलाज करायचा नसेल तर टाळाव्यात.

शेवटी दोन विनंत्या. त्र्यंबकच्या वाटेवरील अंजनेरीच्या कातळांवर कंदीलपुष्पाची एक जात वाढते. 2006 साली विज्ञानाने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि तिचे नावही त्याच डोंगरावरून ठेवले. ती पावसात उगवते आणि उरलेले महिने कंदाच्या रूपाने जमिनीत दडून राहते. तिचा किंवा आसपासच्या माकडशिंगासारख्या रानसक्युलंटचा कंद वा तुकडा हौसेपोटी घरी आणू नये. कुंडीत ती बहुधा जगत नाहीत आणि डोंगरावरची त्यांची संख्या मोजकी आहे. दुसरी विनंती छाटणीच्या कचऱ्याविषयी. शेर आणि त्रिधारी निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेल्यास दृष्टीला इजा होते, तेव्हा ती कापताना मुलांना दूर ठेवावे, आणि चीक उडालाच तर डोळा भरपूर पाण्याने धुऊन विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. पानफुटी व अडेनियम यांत हृदयावर परिणाम करणारी विषे असतात. त्यांची छाटलेली पाने व फांद्या गुराशेळ्यांच्या वाटेवर किंवा उकिरड्यावर न टाकता खड्डा करून पुराव्यात.